अकरावं पान

नेरूळ,
दि. १० जून २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत नवी कथा पाठवतो आहे. चांगल्या अक्षरात उतरवून काढली आहे, त्यामुळे डोळ्यांना त्रास झाल्याची तक्रार या वेळी ऐकून घेतली जाणार नाही. अभिराम परवा म्हणत होता, की आईला मोबाइलवर मेसेज वाचायला शिकवतो. कृपा करून शिकू नकोस. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तर आपल्या घराण्यात अजून पत्रं लिहिली जातात.

इकडे सोसायटीचं रंगकाम निघालं आहे. खिडकीबाहेर बांबू बांधलेत. एक रंगारी रोज माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहतो, मी काय लिहितो ते पाहतो आणि मान हलवून पुढच्या खिडकीकडे जातो. नमिताचे गुडघे कुरकुरतात, पण ती कुरकुरत नाही.

आता कथेविषयी. गोजरा नावाची बाई आहे. नवरा आठ महिने अंथरुणाला खिळलेला. तिला ऐकू कमी येतं. हे मी तुझ्याकडून उचललं आहे, रागावू नकोस. भाऊजींच्या आजारपणातलंही थोडंफार आलं आहे, औषधांचा वास, पाठीला लावायची पावडर, असलं काही. वाचणं जड गेलं तर सांग, काढून टाकीन. नवरा जातो तेव्हा गोजरा त्याच्याजवळ नसते, एवढं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. का नसते, ते मात्र चार महिने सापडत नव्हतं. कळंबोलीला पोलादाच्या बाजारात नोकरीत असताना ट्रकवाले डोक्यावर बसायचे, तेव्हाही मला इतकं टेन्शन नसायचं.

आणि मग एप्रिलमध्ये एका सकाळी अकरावं पान आलं. एकही खाडाखोड न करता, सलग. ताई, चाळीस वर्षांत असं चार-पाच वेळाच झालं असेल. मी टेबलावरून उठलो तो थेट दिवाळे गावच्या मासळीबाजारात चालत गेलो आणि शेवंताबाईकडून भलामोठा जिताडा घेतला. तिने विचारलं, की आज एवढे खुशीत हाय, घरात लगीन हाय काय. नमितानेही विचारलं, कुठला पुरस्कार मिळाला. एक पान मिळालं, हे कुणाला सांगायचं? म्हणून तुला सांगतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांना कथा जुलैअखेर हवी आहे. तुझी पेन्सिल फिरल्याशिवाय मी आजवर काही छापायला दिलेलं नाही, त्यामुळे टोक करून ठेव.

सूनबाई गीतांजलीला आशीर्वाद. तिच्या हातच्या चहाची आठवण येते. पेन्सिल माझ्यावर कितीही चालव, लोभ तेवढा खोडू नकोस.

तुझा,
श्याम

*

चिपळूण,
दि. २४ जून २०२४

चि. श्यामसुंदर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कथा परत पाठवते आहे. दहाव्या पानापर्यंत खुणा केल्या आहेत. अकराव्यावर केलेली नाही, आणि पुढची पानं वाचलेली नाहीत.

तुला हे कुणी सांगितलं?

तुझी गोजरा चुलीपाशी बसून भाकरी खाते. कितीतरी महिन्यांनी गरम भाकरी तिच्या ताटात पडलेली असते. आतून नवऱ्याची हाक येते. तिला ती ऐकू येते. बहिरी म्हणून सगळा गाव तिला ओळखतो, त्या आडोशाला बसून ती हातातला घास संपवते आणि मग उठते. तोवर तो गेलेला असतो. लोक म्हणतात, बिचारीला ऐकूच आलं नाही.

तू लिहिलंस ते माझंच आहे. माझी भाकरी नव्हती, चहा होता, एवढाच फरक. मागच्या पायरीवर बसले होते. दिवसातून वीस वेळा हे हाक मारायचे. उशी सरकव, पंखा कमी कर, पडदा ओढ. तशीच एक असेल म्हणून मी उठले नाही. डावा कान तेव्हा शाबूत होता. हाक स्वच्छ ऐकू आली. मला तो चहा गरम प्यायचा होता. दोन वर्षांत ही गोष्ट मी देवापुढेसुद्धा मोठ्याने बोललेले नाही.

त्या दुपारी घरात दुसरं कुणी असेल तर ती गीतांजली. ती समोर तारेवर कपडे वाळत घालत होती. हाक आली तेव्हा माझी मान वळली होती. ती तिने पाहिली असणार. मामा लेखक, त्याला मसाला हवा असतो, म्हणून सांगून टाकलं असेल. मी तिला काही विचारलेलं नाही. चार दिवस बोललेलेही नाही. माझा चहा मी करून घेते.

ही कथा छापू नकोस. छापायचीच असेल तर मला पुन्हा काही वाचायला पाठवू नकोस. जिताड्याचं वाचून मला काय वाटलं, ते लिहीत नाही.

नमितास आशीर्वाद. धाकटा आहेस, त्यामुळे लोभ ठेवावाच लागतो.

सुनीती

*

नेरूळ,
दि. २९ जून २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. काल लिहायला बसलो, पण एक ओळ धड झाली नाही.

मला कुणीही काही सांगितलेलं नाही. गीतांजलीने तर नाहीच. काल तिचा नमिताला मेसेज आला होता, की आई बोलत नाहीत, माझं काय चुकलं ते मामांना ठाऊक आहे का. बिचारी रोज तुझा कप भरून ठेवते आणि तो तसाच निवतो, असंही तिने लिहिलं होतं. तिला मी काय उत्तर देऊ?

आपण एखादी गोष्ट रचली, हे सिद्ध कसं करायचं? चोरी केली नाही हे दाखवता येतं, रचलं हे दाखवता येत नाही. तरीपण माझ्याकडे होतं ते सगळं सोबत पाठवतो आहे. कळंबोलीहून निवृत्त होताना ट्रकच्या वजनकाट्याच्या रद्द पावत्यांचा गठ्ठा मी आणला होता, तुला माहीत आहे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी कच्चं लिहितो आणि ऑफिसातल्या सवयीने प्रत्येकीवर तारीख टाकतो. जानेवारीच्या पावतीवर गोजरा गिरणीवर गेली आहे. फेब्रुवारीत तिला झोप लागली आहे. मार्चमध्ये ती शेजारी विरजण मागायला गेली आहे, आणि समासात मी लिहिलं आहे, की खोटं वाटतं. दहा एप्रिलच्या पावतीवर एवढंच आहे, की ऐकू आलं असेल तर?

ते कुठून आलं, तेही सांगतो. त्या सकाळी मी लिहीत होतो आणि नमिता स्वयंपाकघरातून हाक मारत होती. वरच्या फळीवरचा डबा तिला काढून हवा होता. मला ऐकू आलं. वाक्य अर्ध्यावर होतं, म्हणून ऐकू न आल्यासारखा बसून राहिलो. हे मी लग्न झाल्यापासून करत आलो आहे. ती समजते, की लिहिताना मला भान नसतं. भान असतं, ताई. तिने तिसऱ्यांदा हाक मारली, मग स्वतःच स्टुलावर चढली, आणि तेव्हा मला गोजरा सापडली. म्हणजे ती तू नव्हेस. ती मी आहे.

आणि सापडल्यावर मला आनंद झाला. मी मासळी घेऊन घरी आलो आणि दोनदा मागून भात घेतला. तुझ्या पायरीवरच्या दुपारीवर मी जेवलो, असं काल रात्रीपासून वाटतं आहे. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण आनंद झाला होता, हेही खरं, आणि त्याची लाज वाटते.

संपादकांना आज कळवलं आहे, की या वर्षी माझी कथा येणार नाही. मूळ प्रतही सोबत आहे. फाड, जाळ, ठेव, तुला हवं ते कर. मी दुसरी प्रत ठेवलेली नाही. कथा पुन्हा लिहिता येतील, न आल्या तरी चालेल. तू वाचणार नाहीस, हे मात्र मला चालणार नाही. गीतांजलीशी तेवढं बोल. तिचा यात काडीचाही दोष नाही.

लोभ राहिला असेल तर असू द्यावा. मागण्याचा हक्क वाटत नाही, तरी मागतो.

तुझा,
श्याम

*

चिपळूण,
दि. १४ जुलै २०२४

चि. श्यामस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पावत्या पोचल्या. दोनदा वाचल्या. तारखा पाहिल्या, शाईही पाहिली. तुझ्या खोटं लिहिण्याची मला चाळीस वर्षांची ओळख आहे, त्यामुळे खरं लिहिलेलं कळतं. विरजणाची जागा फारच वाईट होती. टाकलीस ते बरं केलंस.

गीतांजलीशी बोलले. म्हणजे आधी तिचा हात धरून बसले आणि मग चुकले म्हणून सांगितलं. कशात चुकले, हे सांगताना सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, की मला माहीत आहे, आई, मी मान वळलेली पाहिली होती. श्याम, तिने ते अभिरामलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. हे गेले तेव्हा आलेल्यागेलेल्याला, आईंना अलीकडे अजिबात ऐकू येत नाही, असं पहिल्यांदा सांगितलं ते तिनेच. मला वाटायचं, लोकांनी आपापलं ठरवलं. तिने माझ्यासाठी भिंत बांधली आणि मी तिच्याच हातचा चहा सोडला.

आता कथेचं. उरलेली पानंही वाचली. प्रत सोबत परत पाठवते आहे, ती छाप. संपादकांना मी सांगितलं म्हणून कळव, हवं तर माझी चिठ्ठी जोड.

कारण विचारशील म्हणून सांगते. दोन वर्षं मी असं धरून चालले होते, की इतकी वाईट बाई जगात एकटी मीच. कुणाला विचारणार? आणि तू नेरूळला टेबलाशी बसून, कुणी न सांगता, ती रचलीस. तुझ्या आतूनच काढलीस. मग ती आणखीही कितीतरी घरांत असणार. त्यांतली एखादी तरी अंक हातात घेईल. तिने तरी दोन वर्षं एकटीने काढू नयेत.

अकराव्या पानावर एक खूण केली आहे, तेवढं बदल. गोजरा घास संपवून उठते, असं तू लिहिलं आहेस. तसं होत नाही. माझ्या कपात दोन घोट राहिले होते. तो तसाच घेऊन मी आत गेले. त्यांना पाहिलं, आणि मग तो कप कुठे ठेवायचा ते मला कळेना. माणसं जमली, खुर्च्या आल्या, तरी कप माझ्या हातात होता. कुणाच्या नजरेस तो पडत नव्हता. शेवटी गीतांजलीने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि तो घेऊन धुवून ठेवला. तेव्हा गोजराच्या हातात अर्धी भाकरी राहू दे. ती कोण काढून घेतं, ते तू रच. तुला जमेल.

जिताड्याचं मनाला लावून घेऊ नकोस. इतकं अवघड पान जमल्यावर माणूस जेवणारच.

नमितास अनेक आशीर्वाद आणि तिच्या गुडघ्यांना माझा नमस्कार. पुढची कथा येऊ दे, पेन्सिलीला टोक करून बसले आहे. लोभ होता तिथेच आहे, थोडा वाढला असेल तर मोजायला जाऊ नकोस. आणि एक थोरल्या बहिणीचं ऐक. नमिताने हाक मारली, की आधी ओ देत जा. वाक्य थांबतं.

तुझी,
ताई