आम्रपाली मॅडमच्या सर्व्हरपुढं माझं मशीन

रविवार, २० मे २००१
आजपासून रोजनिशी. या संस्थेत खरं बोलावं असा माणूस उरलेला नाही, म्हणून वहीशी बोलणार.
केजच्या या संस्थेत सहा वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय. टेम्पररी. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला नमस्कार, या आता. यंदा संस्थेनं एक खूळ काढलंय, कॉम्प्युटर अर्हता परीक्षा. सगळ्या शाळांमधले मिळून एकशे बारा टेम्पररी लोक बसणार. पास तो कायम, नापास तो घरी. पेपर औरंगाबादहून येणार. वयाची अट अडतीस. मला ऑगस्टात अडतीस पूर्ण होतात, म्हणजे मला ही एकच संधी.
काळजी शून्य. जो कॉम्प्युटर शिकवतो त्याचीच कॉम्प्युटरची परीक्षा! अभ्यास केला तर माझाच अपमान होईल. करणार नाही.
आष्टीला सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, निकालाच्या दिवशी या, पेढे घेऊनच या.
संकल्प : पहिला नंबर. तंबाखू बंद (सोमवारपासून). राग कमी.

सोमवार, २१ मे
तंबाखू एकदाच. म्हाळूनं डोकं फिरवलं म्हणून. म्हाळू म्हणजे लॅबचा शिपाई. पन्नाशीचा, उर्मट. किल्ली मागितली तर विचारतो, कावून पायजे?

रविवार, २७ मे
मीटिंग. आम्रपाली मॅडमनी परीक्षेचा निकाल कॉम्प्युटरवर दाखवायचा प्रोग्राम केलाय. आपला नंबर टाका, पासवर्ड टाका, आपला निकाल बघा. प्रोग्राम त्यांच्या केबिनमधल्या सर्व्हरवर चालणार, लोक लॅबमध्ये बसून बघणार. अध्यक्ष मन्मथप्पा शेठनी (कापडाचं दुकान, त्यामुळं प्रत्येक गोष्टीला हात लावून बघतात) मॅडमचं कौतुक चार वेळा केलं. मी मोजलं. मॅडम वर्षापूर्वी आल्या, एमसीए आहेत, आल्या त्या दिवसापासून कायम. माझ्या सहा वर्षांचं कौतुक कोणी केलं नाही.
मी शांतपणे उठलो. म्हटलं, एकशे बारा माणसं एकदम तुटून पडली तर तुमचा सर्व्हर आडवा होईल. सगळे गप्प. मग म्हटलं, रिव्हर्स प्रॉक्सी. सगळे आणखी गप्प.
मग समजावून सांगितलं. मॅडमचा सर्व्हर मागं राहील. त्याच्यापुढं माझं एक मशीन. लोक माझ्या मशीनकडं मागणार, माझं मशीन मागून आणून देणार. मागच्याला कोणाचं तोंड बघायला नको.
मॅडम म्हणाल्या, लॅबमध्ये कॉम्प्युटर बाराच आहेत, एका वेळी बाराच्या वर माणसं कशी येणार? मी म्हटलं, मी भविष्याचा विचार करतो. शेठना हे वाक्य आवडलं. मंजूर.
मॅडम पुन्हा उठल्या. म्हणे, पंडित सर स्वतः परीक्षार्थी, त्यांचं मशीन मधे कसं? असा राग आला! प्राचार्य म्हणाले, मार्क सीलबंद फ्लॉपीत येणार, औरंगाबादचा माणूस स्वतःच्या हातानं मॅडमच्या सर्व्हरवर घालणार, सरांना स्वतःच्या नंबराशिवाय काही दिसणार नाही. माझ्यावर संशय! या बाईला मी विसरणार नाही.

शनिवार, २ जून
एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतून लिनक्स घातलं. तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी लाइट गेली. दुसऱ्या वेळी म्हाळूनं पंख्यासाठी मशीनचीच पिन काढली. विचारलं तर म्हणतो, मशीनला घाम येत न्हाई, मला येतो. याची लेखी तक्रार करणार.

बुधवार, ६ जून
चार दिवस झाले. माझं मशीन मागं जातं आणि रिकाम्या हातानं परत येतं. स्क्रीनवर एकच उत्तर, परवानगी नाही. चूक मॅडमच्या सर्व्हरची आहे, हे उघड आहे.

गुरुवार, ७ जून
मॅडम दोन मिनिटं आल्या, माझ्या फाइलमधली एक ओळ बदलली, चालू झालं. ते आज आपोआप चालू होणारच होतं.

रविवार, १० जून
परीक्षा झाली. किरकोळ. पहिल्याच प्रश्नात स्पेलिंगची चूक! तिच्यावर दोन पानं लिहिली. औरंगाबादला कळू दे की केजला पण माणसं राहतात. ‘वेब सर्व्हर म्हणजे काय?’ या पोरकट प्रश्नाला, पोरकट प्रश्न, एवढंच उत्तर लिहिलं. प्रॅक्टिकलला कीबोर्डची एक की अडकत होती. बाकीचा वेळ ती की कशी बदलावी हे सुपरवायझरला समजावण्यात गेला. शिकला असेल बिचारा.
शेजारी नीलम्मा बाई. युसूफ वडगावच्या शाळेत बारा वर्षं चित्रकला शिकवतात, टेम्पररी. माउस असा धरतात जसा काही तो पळून जाणार आहे. पण महिनाभर भर सुट्टीत रोज जीपला लटकून केजला येत होत्या, मॅडमकडं शिकायला. वाईट वाटलं. नापास होणार त्या.

शनिवार, १६ जून
शोध! माझं मशीन पानं लक्षात ठेवू शकतं. एकदा मागून पान आणलं की पुन्हा कोणी तेच पान मागितलं तर मागं विचारायलाच जायचं नाही, हातातलंच द्यायचं. लगेच चालू केलं. मुदत चोवीस तास. संस्थेचं चिन्ह असलेलं पान आता डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. लई जबरदस्त!

सोमवार, १८ जून
मॅडमची चिठ्ठी. निकालाचं पान सगळ्यांना एकाच पत्त्यावर दिसतं, आतला मजकूर मात्र माणसागणिक वेगळा असतो, तरी पान लक्षात ठेवायची सोय कृपया बंद करा.
‘कृपया’ बघा. या बाईला प्रत्येक निकाल आपल्याच दाराशी येऊन मागितलेला हवाय. मोठेपणा हवाय! चिठ्ठीच्या मागं घरच्या सामानाची यादी केली. सोय चालूच.

शुक्रवार, २२ जून
उद्घाटनावरून भांडण. नारळ कोणत्या मशीनपुढं फोडायचा? मॅडमचं म्हणणं, कुठंच नको, पाणी उडतं. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, जे पुढं आहे त्याच्यापुढं. मी जिंकलो.
मग पहिला मान कोणाचा? शेठ म्हणाले, रविवारी अकरा वाजता मी स्वतः बटण दाबणार, आणि नीलम्मा बाईंचा नंबर टाकणार. बारा वर्षांची सेवा आहे, बाईमाणूस आहे, पहिला निकाल त्यांचा.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तीन आठवडे मी मरमर मरायचं आणि पहिला मान चित्रकलेला? बांधणाऱ्याचा मान आधी असतो हे या लोकांना कोणी शिकवलं नाही. माझा मान मी घेणार. कसा ते वहीलासुद्धा सांगत नाही.

रविवार, २४ जून, सकाळी ७.२०
औरंगाबादचा माणूस काल संध्याकाळीच मार्क सर्व्हरवर घालून गेला. म्हाळूच्या आधी किल्ली मिळवली. लॅबमध्ये एकटा. हळदकुंकू लावलेलं माझं मशीन, समोर नारळ. उदबत्ती लावली, लॅबमधल्या पहिल्या कॉम्प्युटरवर बसलो, माझा नंबर, माझा पासवर्ड. पहिला मान!
पंडित किसनराव. गुण २३ पैकी १००. अनुत्तीर्ण.
लिहिताना उलटं झालं. १०० पैकी २३.

सकाळी ७.५०
विचार केला. १२३ असणार, मशीननं पुढचा एक खाल्ला. पण शंभरातले १२३ कसे? ३२ असतील. ३२ पण नापासच. ९३ असतील. होय, ९३. मॅडमच्या प्रोग्रामची चूक. मुद्दाम केली असेल तरी नवल नाही. समारंभ झाला की बघतो एकेकाला. सध्या कोणाला काही सांगणार नाही. तंबाखू दोनदा.

सकाळी १०.३०
सासरे आप्पाराव पहिल्या एसटीनं आले. दोन किलो पेढे. म्हाळूला एक आत्ताच देऊन टाकला. म्हाळूनं मला पेढा खात खात नमस्कार केला, सहा वर्षांत पहिल्यांदा. हिनं नवीन साडी नेसलीय. मी बाथरूमला दोनदा गेलतो.

दुपारी १.१५
 लिहिलंच पाहिजे.
अकरा वाजता शेठनी नारळ फोडला. पाणी उडालं, मशीन वाचलं. नीलम्मा बाई पदर घट्ट धरून शेजारी उभ्या. शेठनी त्यांचा नंबर एका बोटानं टाकला. प्राचार्यांना माइकवर वाचायची हौस. समोर येईल ते वाचणार. वाचलं : पंडित किसनराव, शंभरपैकी तेवीस, अनुत्तीर्ण.
माइक बाहेरच्या मांडवात पण लावलेला होता.
शेठ म्हणाले, बटण चुकलं असेल, पुन्हा. पुन्हा पंडित किसनराव. मग लोकांना धीर निघेना, बाराही कॉम्प्युटरवर बसले. आष्टीकडचे गुरुजी, पंडित किसनराव. लाडेगावचे, पंडित किसनराव. एकाला वाटलं आपणच नापास झालो, तो रडायलाच लागला. दुसऱ्यानं त्याला समजावलं की नापास तू न्हाईस बे, हा कोण पंडित हाय तो झालाय. मग सगळ्यांनी मिळून पंडित कोण ते शोधलं.
म्हाळू जवळ येऊन हळूच म्हणाला, सर, तुमी लई मोठे झालाव, जिकडं बघावं तिकडं तुमीच हाव. सासऱ्यांना वाचता येतं पण चष्मा आणला नव्हता, मोठ्या अक्षरातलं नाव तेवढं ओळखलं. त्यांनी हिला विचारलं, सगळ्या टीव्हीवर जावयाचंच नाव हाय, म्हणजे पहिला नंबर ना गं? हिनं माझ्याकडं बघितलं. तसं नको होतं बघायला.

दुपारी २.३०
पण एक मिनिट. एकशे बारा लोकांना तेवीस दाखवतंय, म्हणजे निकालच खोटा! सगळं खोटं, तर माझे तेवीस पण खोटे! हे आधी कसं सुचलं नाही? नीलम्मा बाईंचे तेवीस त्यांचे नाहीत, तर माझे तरी माझे कशावरून? वाचलो.
आत्ता जातो आणि सगळ्यांसमोर सांगतो.

दुपारी ३.४५
सांगितलं. मांडवात खुर्चीवर उभा राहून सांगितलं. आवाज चढला, चढू दे. म्हटलं, ही सर्व्हरची बदमाशी आहे, सहा वर्षं राबलेल्या माणसाची बेअब्रू आहे, भर मांडवात झालीय, भर मांडवातच भरून निघाली पाहिजे. टाळ्या पडल्या. एकशे अकरा माणसं आज पहिल्यांदा माझ्या बाजूनं होती.
शेठनी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळी अकराच्या आधी कोणीतरी निकाल बघितलाय, पुढच्या मशीननं तो लक्षात ठेवलाय आणि तोच सगळ्यांना वाटतंय, मधलं मशीन काढा. शेठनी विचारलं, आधी कोणी बघितला? मी म्हटलं, ते नंतर बघू. शेठ म्हणाले, मग मशीन काढायचं का, पंडित सर?
मी म्हटलं, काढा! आत्ता काढा! खरं काय ते लोकांना दिसू दे. माझ्या हातानं केबल ओढली. नारळाच्या पाण्यात हात ओला झाला, पर्वा नाही. जन्मात एवढं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ६.१०
मॅडमनी लॅबची केबल सरळ आपल्या सर्व्हरला जोडली. चार मिनिटं लागली. बारा कॉम्प्युटर, एकशे बारा माणसं. सर्व्हर आडवा झाला नाही.
नीलम्मा बाई, ८१. मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मग उठून मॅडमच्या पाया पडायला निघाल्या, मॅडमनी धरलं. रडणारे गुरुजी, ५४. ज्यानं त्यांना समजावलं तो, ६२. म्हाळू नावं वाचून पेढे वाटत होता. आमचेच पेढे. सासऱ्यांनीच दिले, म्हणाले, ठेवून काय करायचं.
मी रांगेत शेवटी उभा राहिलो. हिनं सांगितलं, चला घरी. म्हटलं, थांब, माझा बघू दे, माझा बदलणार आहे. नंबर टाकला. पासवर्ड दोनदा चुकला.
पंडित किसनराव. १०० पैकी २३. अनुत्तीर्ण.
मॅडम मागं उभ्या होत्या.  काही म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं.
मशीन काढल्यावर सगळ्यांचा निकाल बदलला. एकशे अकरा लोकांना माझ्या मशीननं दिवसभर चुकीचा निकाल दाखवला. बरोबर निकाल त्यानं एकालाच दाखवला होता, सकाळी, मला.