दाराच्या चौकटीवरची रेघ

अहो,

बोटीवरून फोन केलात की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "आपली ठमी किती वाढली?" चौकटीवर तुम्ही मारलेली पेन्सिलची रेघ तिने केव्हाच मागे टाकली. शेजारीण म्हणते, "पोरगी ताडमाड वाढतेय हो!" मी हसते, पण नजर ठमीच्या टाचांकडे जाते.

ठमीसारख्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची हाडं वाढतात, पोटरीचा स्नायू मात्र मागे राहतो आणि टाच वर ओढतो, असं फिजिओ बाई म्हणाल्या. "वाढीच्या वयात डोळ्यांत तेल घालून टाचेकडे बघा." म्हणून मी रोज तिला चौकटीला टेकवून उभी करते आणि टाचेखाली जाड कागद सरकवून पाहते. रोज तो अडायचा.

आज तो अलगद आरपार गेला.

ठमी मात्र खूश. "आई, बाबांच्या रेघेपेक्षा बघ किती उंच! नवी रेघ मार ना!"

मी मारली.

हे पत्र काही मी पाठवणार नाही. फोनवर ठमीच तुम्हाला उंची सांगेल आणि तुम्ही तिकडे टाळ्या वाजवाल. त्या उंचीत हाड किती आणि उचललेली टाच किती, ते मी सांगणार नाही.

तुमची,
ठमीची आई