पाणी न पिणारी माती

आई, तू भाजीवाल्याला भाव नंतर विचारायचीस. आधी विचारायचीस, "कौन से पानी की है?" इथं इंदुरात कृष्णपुऱ्याच्या पुलापाशी तो टोपली मांडून बसे, आणि तू मेथीची जुडी उचलून तिची मुळं नाकाशी न्यायचीस. नाल्याच्या पाण्यावरची असली की जुडी परत टोपलीत. तो वैतागून म्हणायचा, "माताजी, खानी है कि सूँघनी है?" आणि मी दोन पावलं मागे सरकून, ही बाई आपली कुणी नाही असा चेहरा करायचो. घरी आल्यावर मटार सोलायला बसवायचीस. एकदा मी सगळी टरफलं परसात फेकून दिली, तर तू ती गोळा करून आणलीस, धुतलीस आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवलीस. आतला पापुद्रा ओढून काढायचा, मग उरलेल्या कोवळ्या सालीची भाजी. माझा पापुद्रा दर वेळी तुटायचा. तू म्हणालीस, "तुझ्या हाताला घाई आहे." एवढंच. पण ते मला असं लागलं की आजही तार गुंडाळताना मी हात मुद्दाम सावकाश चालवतो.

तू गेलीस त्यानंतर मी सियागंजात मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. कुणा उस्तादाच्या हाताखाली शिकलो नाही. जळालेल्या मोटरी उलगडायच्या, फेरे मोजायचे, तारेची जाडी तू घेऊन दिलेल्या मायक्रोमीटरवर बघायची आणि पुन्हा तशीच भरायची. माझी बांधलेली मोटर सहसा परत येत नाही. म्हणून सांवेरकडची एक शेतकरीण तीच विहिरीची मोटर एका हंगामात दुसऱ्यांदा जाळून घेऊन आली, तेव्हा मला रागच आला. तिला आम्ही जीजी म्हणतो. मी म्हटलं, जीजी, मोटरीत खोट नाही, चला, शेतच बघतो. गेलो. गिलकीच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, वेलांना पाणी सोडलेलं होतं आणि ते वरच्या वर सरकत बांधाकडे चाललं होतं. खाली ढेकूळ फोडलं तर आत कोरडं ठण्ण. जीजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मोटर को कईं दोस नी हे, भिया. माटी पाणी नी पी री." माती पाणी पीत नाही, म्हणून मोटर तासन् तास चालते, आणि म्हणून जळते. बिघाड माझ्या तारेत नव्हता, जमिनीत होता. इतकी वर्षं मोटरी उघडतोय, पण ज्यासाठी ती फिरते तिकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग मी माझ्या पद्धतीनं शिकायला लागलो. मोबाइलवर, पुस्तकांत, शेतीवाल्यांच्या डोक्याला कटकट लावून. वर्षानुवर्षं नुसत्या युरियाच्या गोण्या खाल्लेल्या मातीत कुजलेला पाला, शेण असं काही उरत नाही, आणि ते नसलं की पाणी धरायला मातीत जागाच राहत नाही. जीजीला म्हटलं, खत मी बनवून देतो. तिच्या दिरानं एक वाफा दिला, तोही उपकार केल्यासारखा: उन्हाळी गिलकी या खतावर नीट आली तर पुढच्या साली सगळं शेत, नाही तर पुन्हा कुणी हे नाव काढायचं नाही. जीजीनं घरच्यांसमोर माझ्या भरवशावर हो म्हटलं. आपल्या छत्रीबागेच्या गल्लीत मी घरोघर सांगितलं की भाजीची सालं, देठ बादलीत साठवून माझ्याकडे द्या. तू जिथं कपडे धुवायचीस त्या परसात विटांची जाळी रचली. एक थर सालांचा, एक वाळक्या पानांचा, अधूनमधून शेणाचा. दिवाळीनंतर ढीग रचून झाला आणि मधोमध खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा चढला, म्हणजे आत कुजणं सुरू झालं. मी दुकानात येईल त्याला ऐकवायचो.

संक्रांतीच्या सुमारास काटा उतरला. ढीग थंड पडला. ओल बघितली, बरोबर. उलथून हवा दिली, पानं वाढवली, काही नाही. थंडी म्हणावं तर थंडीतच तो तापला होता. शेवटी बादल्या उघडून बघितल्या आणि नाकाला कळलं. समोरच्या काकूंकडे गेलो. त्या अभिमानानं म्हणाल्या, "अहो, महिन्याभरापासून रोज झाकणभर फिनाइल घालते त्यात. वास आला तर लोक काय म्हणतील? आपलं इंदूर आहे, स्वच्छतेत पहिलं." एवढंच नाही, त्यांनी सगळ्या गल्लीला तेच शिकवलं होतं. मी म्हटलं, काकू, फिनाइलनं आतले जीव मरतात. काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मग काय घाण देऊ?" "हो काकू, घाणच द्या." त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशीपासून फिनाइल बंद झालं, सगळ्या गल्लीत, कारण तेही त्यांनीच सांगितलं.

जीजीला खत उशिरा मिळेल हे सांगायला मी स्वतः गेलो. असलं सांगायची मला सवय नाही. तिनं ऐकून घेतलं, दिराकडे बघितलं नाही, आणि म्हणाली, "थारी पेली मोटर बी तो दूसरी बार में चली थी." मी तिला बांधून दिलेली अगदी पहिली मोटर दुसऱ्या खेपेला चालली होती, हे तिच्या लक्षात होतं. मग ताज्या शेणाची पाटी माझ्या गाडीवर ठेवली. मी फिनाइलचा वरचा थर काढून टाकला, उरलेलं उन्हात पसरलं, शेण आणि परसातली जुनी माती घालून पुन्हा रचलं. मग रोज काटा बघत राहिलो. एका सकाळी परसात गेलो तर ढिगातून वाफ निघत होती. काट्याकडे न बघता मी कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर काढावा लागला, इतकी धग. आई, तिथं चूल नाही, तार नाही, करंट नाही. गल्लीतली मटारची सालं आणि पिंपळाची पानं, आणि त्यांच्यातून हा ताप. मी तसाच उकिडवा बसलो. बायको चहा घेऊन आली, विचारलं काय झालं, तर मी तिचा हात धरून ढिगावर ठेवला.

खत उशिरा गेलं, वाफा उशिरा लागला. पण वैशाखात मी तिथं उभा असताना जीजीनं पाणी सोडलं आणि ते बांधापर्यंत पोचलंच नाही. मातीवर आलं, काळं झालं, आत गेलं. मी खाली वाकून कान लावला. बारीक चुरचुर ऐकू येत होती, तहानलेल्या माणसाच्या घोटांसारखी. दीर लांबून बघत होता. मग मोटर बंद करायला स्वतःच गेला, रोजच्यापेक्षा पुष्कळ आधी. गिलकीही नीट आली. आता पुढच्या साली सगळ्या शेताला खत हवंय, म्हणजे सहा गल्ल्यांच्या बादल्या, आणि सहा काकू.

जीजीनं परवा विचारलं, भिया, ढिगात गरमी आती कां से? मी ताठ उभा राहून म्हटलं, जिवाणू, जीजी, जिवाणू. शब्द बरोबर आहे, मी तपासलाय. हे तुला लिहितोय कारण तू कुणाला सांगायची नाहीस, आणि हा कागद कुठं जायचाही नाही: तो शब्द उच्चारला की मला दर वेळी कळतं, आपल्याला काही कळलेलं नाही.