मिठाच्या मैदानातला सरळ रस्ता

१० जानेवारी
प्लास्टर निघून बारा दिवस झाले. डावा पाय टेकतो, जोर दिला की कळ. ही वही दोन महिन्यांनी उघडली. ट्रकमध्ये असायची तेव्हा ट्रिप, किलोमीटर, टायर, जेवलो कुठे, एवढंच लिहायचो. १८ नोव्हेंबर अशी तारीख सकाळी टाकली होती, खाली पान कोरं. त्या दुपारी देवरीच्या पुढे गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत गेली, तांदळाची पोती चिखलात, माझा पाय मोडला, दुसऱ्या कोणाला काही नाही. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पान कोरंच राहू दे.

११ जानेवारी
प्रीतीने तिचा जुना कंप्युटर माझ्या खोलीत आणून ठेवला. गोंदियाला क्लासमध्ये कंप्युटर शिकवते, आता बापाला शिकवणार. ट्रक चालवायचा गेम. स्टिअरिंग, ब्रेक, सगळं वायरने जोडलेलं. म्हटलं, हे लेकरांचं काम. तर म्हणते, "बिरसीचे पायलट बी मशीनवरच शिकतेत बाबा, ते का लेकरं हायेत?" घरावरून दिवसभर त्यांचीच शिकाऊ विमानं जातात. स्टिअरिंगसमोर बसलो.

१२ जानेवारी
सवयीने डावीकडून निघालो. समोरून टँकर, धडाम. अमेरिकेत उजवीकडून चालवतात हे कोणी सांगायचं? अठ्ठावीस वर्षं गाडी चालवून सात मिनिटांत खलास. प्रीती हसून हसून पलंगावर पडली.
दुसऱ्या वेळी नीट निघालो. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला डिपर दिला. एकाने परत दिला नाही. हॉर्न दिला तर प्रीती म्हणते, तिथे हॉर्न म्हणजे शिवी. मग ओव्हरटेक करतात कसे लोक?

१५ जानेवारी
प्रीतीची आई सुशीला बाजारातून आली ती बोलतच. "पटले मिस्त्री भेटला जी. कामठ्याच्या रोडवर पंक्चरचं दुकान टाकलं त्यानं. तुमच्या पायाचं इचारून राहिला होता."
पिशवी घेतली, मेथी निवडायला बसलो. मी आणि मेथी! तिने वळून पाहिलं.
पटले मिस्त्री. आमच्या राइस मिलच्या सगळ्या गाड्या त्याच्या हाताखालून जायच्या, पंधरा वर्षं. माझ्या अपघातानंतर मालकाने त्याला काढलं. ब्रेक लागला नाही, असं मालकाला दवाखान्यात माझ्याकडूनच कळलं होतं.
आणि तो माझ्या पायाचं विचारतो.

१९ जानेवारी
गेममध्ये नवीन राज्य आलं. आधीच्या नकाशाला जोडून मिळतं म्हणे. युटा. सगळं वाळवंट. आमचं नेट म्हणजे काय सांगावं, सकाळपासून उतरत होतं, दुपारी चारला संपलं. प्रीती म्हणाली, "तुमी पानीवाले मानूस, वाळवंट पाहून घ्या एकडाव."
खरंच, तलाव आणि बांध्या सोडून मी काय पाहिलं? राजस्थानला दोनदा गेलो, तिथेही रस्ताच पाहिला.

२० जानेवारी
काय बनवलंय!
लाल डोंगर. लाल म्हणजे विटेसारखे नाही, कापलेल्या मांसासारखे. त्यांच्यामधून रस्ता काढलाय, दोन्ही बाजूंनी भिंती. एका खडकाला आरपार भोक, त्यातून आभाळ दिसतं. कचारगडच्या गुहेत उभं राहिलं की माणूस मुंगी होतो, तसं झालं मला, खुर्चीत बसून.
ट्रेलरमध्ये काय माल होता विसरलो. उशिरा पोहोचलो. काही वाईट वाटलं नाही.

२१ जानेवारी
हे बनवणारे लोक त्या रस्त्यांवर स्वतः हिंडलेले आहेत, शंका नाही. पंपाच्या मागे मोडका बाक, त्याच्या एका पायाखाली वीट. कुंपणाची तार दोन ठिकाणी तुटलेली. ढगाची सावली डोंगरावरून हळू सरकते, आधी मला वाटलं डोळ्यांत काही गेलं. रस्त्याच्या बाजूने मालगाडी. गोंदियाच्या माणसाला मालगाडीचं काय कौतुक? पण मी गाडी हळू केली आणि शेवटच्या डब्यापर्यंत सोबत चाललो.
सुशीलेने मागे उभी राहून पाहिलं. "एक मानूस नाई, एक झाड नाई. का पाहून राहिले एवढं?" मी म्हटलं, तेच तर. काही नसलेलं एवढं नीट दाखवायचं म्हणजे खायचं काम आहे? तिने भाकरीचं पीठ लागलेल्या हाताने पडद्याकडे बोट केलं. "तो पक्षी चांगला हाये," म्हणाली. मला दिसला नव्हता.

२३ जानेवारी
आज नवीन कळलं. डांबराच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात. चाक तिथे गेलं की सगळी गाडी खरखरते, स्टिअरिंग हातात थरथरतं. प्रीतीने शोधून सांगितलं, खरोखरच्या रस्त्यावर पण असतं, डुलकी लागलेला ड्रायवर जागा व्हावा म्हणून. रस्ता ड्रायवरला उठवतो!
दोनदा मुद्दाम कडेला नेली. खरखर. खरखर.
देवरीच्या पुढे असत्या तर. पुढे लिहीत नाही.

२४ जानेवारी
मालकाचा फोन. "उस्ताद, नई गाड़ी आ गई है। तेरे हाथ से ही निकलेगी। पैर कैसा है?" मी म्हटलं, पंधरा दिवस. मनापासून बोलतो माणूस, खोटं कशाला म्हणू. शेवटी म्हणाला, "और इस बार मिस्त्री भी नया रखा है, फिकर मत कर।"
फोन ठेवून अंगणात गेलो. पाय दुखला नाही, दुसरंच काही दुखलं.

२५ जानेवारी
आज मिठाच्या मैदानातला रस्ता. पांढरं, पांढरं, पांढरं. डिसेंबरात सकाळी धानाच्या बांध्यांवर धुकं बसतं तसं, पण हे उठतच नाही. रस्ता आखणीपट्टीने ओढलेला. वळण नाही, गाव नाही. गेममधले तास भराभर पळतात, मी काही थांबलो नाही. असा रस्ता सोडून थांबतो कोण?
मध्येच जांभईचा आवाज आला. मला वाटलं मागे सुशीला. मग पडदा काळा झाला. उघडला. थोड्या वेळाने परत काळा, जरा जास्त वेळ. उघडला तेव्हा गाडी पट्टा सोडून गेलेली.
प्रीतीला हाक मारली, बिघडलं म्हणून. ती म्हणाली, "बिघडलं नाई बाबा. ड्रायवरले झोप येऊन राहिली. कडेला घ्या, झोपवा त्याले."
हात काढून घेतले स्टिअरिंगवरून. ती निघून गेली, क्लासला उशीर होत होता.
तसंच असतं. नेमकं तसंच असतं. आधी काही कळत नाही. डोळे मिटले हेच कळत नाही, फक्त रस्त्याचा एक तुकडा कमी होतो. कोणीतरी मोजून मापून हे बनवलंय. ज्याने बनवलं त्याला झोप माहीत आहे, आणि त्याने ती लपवली नाही, गेममध्ये घालून जगभर पाठवली. मी हात जोडले त्या माणसाला. खरोखर जोडले, पडद्यासमोर बसून.
लिहूनच टाकतो. १८ नोव्हेंबरला मी झोपलो होतो. दुपारचे दोन, ढाब्यावर पोटभर जेवलेलो, ऊन मऊ. ब्रेक लागला नाही कारण मी तो दाबलाच नाही. जाग आली तेव्हा समोर धानाचं कापलेलं रान.
आमच्या धंद्यात सगळं चालतं. टायर फुटला, ब्रेक गेला, गाय आडवी आली. झोपला म्हटलं की संपला, पुन्हा कोणी चावी देत नाही. दवाखान्यात मालकाने "ब्रेक फेल?" असं विचारलं आणि मी होकाराची मान हलवली. एवढंच केलं मी. मान हलवली.

२७ जानेवारी
दोन दिवस गेम लावला नाही. सुशीला म्हणते, "पाय तुटला तवा बोलत होते, आता पाय जुळला तं मुके झाले."

२९ जानेवारी
पटले मिस्त्री घरी आला. सायकलवर, हँडलला संत्र्यांची पिशवी. मला बघून हसला. "का गा उस्ताद, अमेरिका चालवून राहिला म्हंते तू!" सुशीलेनेच सांगितलेलं.
दाखवलं त्याला. लाल डोंगर पाहून खुर्ची पुढे ओढली. मग मिस्त्रीच तो, ट्रेलरखाली काय आहे ते पाहायचं होतं त्याला. कॅमेरा खाली नेला. टायर, नळ्या, सगळं दिसतं. "वा वा वा," म्हणाला, "ज्यानं केलं त्यानं गाडीखाली झोपून पायलं हाये." आम्ही दोघं लहान पोरांसारखे तासभर ट्रेलरखालीच.
मग त्याला चालवायला दिली. दर थोड्या वेळाने ब्रेक दाबतो. रिकामा रस्ता, समोर काही नाही, तरी दाबतो. मी म्हटलं, काऊन मिस्त्री? पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "सवय लागली गा. तुझ्या गाडीच्या ब्रेकचे लायनर मीच बदलले होते, आदल्या हप्त्यात. कुठं चुकलो, अजून ध्यानात येत नाई. सायकलचा बी दाबून पायतो आता."
राग नाही त्याच्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.
जाताना फाटकाबाहेर सायकलवर बसायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. मी खिडकीतून पाहत होतो.

३० जानेवारी
सांगायचं. कसं?
मालकाला सांगितलं तर गाडी गेली. मिस्त्रीला सांगितलं तर मिस्त्री गेला. नाही सांगितलं तर हा माणूस मरेपर्यंत ब्रेक दाबत राहणार.

२ फेब्रुवारी
मिस्त्री परत आला. रोज येतो म्हणाला तरी नाही म्हणवणार नाही. तो चांगलं चालवतो, माझ्यापेक्षा गिअरचा कान त्याला जास्त. मी बाजूला बसून नकाशा सांगतो. आज एका जुन्या खाणीच्या गावातून गेलो, पाट्यांचा रंग उडालेला, एका घराच्या ओसरीत रिकामी खुर्ची. दोघंही बराच वेळ त्या खुर्चीबद्दल बोलत होतो, कोण बसत असेल, कुठे गेला असेल. असं बोलणं मी गाडीत कोणाशी केलं नाही कधी.
तोंडापर्यंत आलं होतं. सुशीला चहा घेऊन आली.

५ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, क्लच दाबू शकता. मालकाला कळलं पण. सोमवारी सकाळी दहाला स्वतः येतो म्हणाला, नवीन गाडीची चावी घेऊन. सुशीलेने हार आणायला सांगितला प्रीतीला. घरात सण.
मला भूक नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी
दुपारी मिस्त्री आला, मालक उद्या येणार हे सुशीलेने त्याला दारातच सांगितलं. मी आधीच गाडी मिठाच्या मैदानाच्या तोंडाशी आणून ठेवली होती, गेममधला ड्रायवर बराच वेळ न झोपलेला. हे मी ठरवून केलं. तोंडाने जमत नव्हतं मला.
मिस्त्री बसला. "आयला, हे तं मीठच मीठ," म्हणाला. निघाला. मधेमधे ब्रेक. पांढऱ्यावर सरळ काळी रेघ, वर निळं. एवढं सुंदर आहे की आजही मी पाहतच राहिलो, असल्या वेळी सुद्धा.
जांभई आली. पडदा काळा. उघडला.
"काऊन गा, लाइट गेली का?"
परत काळा. खरखर, खरखर. त्याने गाडी आत घेतली.
"बिघडली का गा गाडी?"
"गाडी बरोबर हाये मिस्त्री. ड्रायवर झोपला."
"असं बी दाखवतेत?" हसला. कौतुकाने हसला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि हसू तसंच राहिलं तोंडावर, डोळ्यांतून गेलं.
मी म्हटलं, "त्या दिवशी बी."
त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली, मैदानाच्या मधोमध. इंजिनचा आवाज तेवढा चालू.
"लागला होता का? ब्रेक?"
"मी दाबलाच नाई. तुझं काम बरोबर होतं. सगळं बरोबर होतं."
त्याने स्टिअरिंग सोडलं. शिवी देईल वाटलं, दिली असती तर घेतली असती. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसला, नखांत ग्रीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.
सुशीला दारात चहा घेऊन उभी. कधीपासून, माहीत नाही. कप तिथेच ठेवले.
मिस्त्री उठला. चपला घालताना विचारलं, "मालक उद्या किती वाजता येते म्हनला?"
"दहा."
मान हलवली. अंगणात उतरला.
खिडकीतून पाहिलं. सायकल फाटकाबाहेर काढली, बसला, पायडल मारलं, गेला. ब्रेक दाबून पाहिले नाहीत. रागात विसरला की काय, मला कळायला मार्ग नाही.
सुशीलेला म्हटलं, हार नको, उद्या अंगणात तीन खुर्च्या टाक, मालकाला सांगायचं आहे. तिसरी कोणासाठी, तिने विचारलं नाही.