पालथ्या हातावरचा थेंब

सोमवार

अख्ख्या रस्त्याला चमचमीत नूडल्स खाऊ घालणाऱ्या माणसाला घरी कमी मिठाचं कसं खायला लावायचं? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, तीही आहारशास्त्राची — आणि येत नाही!

डॉक्टरीणबाईंनी काल स्वच्छ सांगितलं, "रक्तदाब असाच राहिला तर एक दिवस झटका येईल. मीठ तोडा." बाबांनी मान डोलावली आणि सरळ आपल्या चायनीजच्या गाडीवर गेले.

त्यांना जेवायलाही चायनीजच लागतं. म्हणून घरीच करायचं ठरवलं. कणकेच्या नूडल्स लाटल्या, कापल्या, उकडल्या. वर भरपूर कोबी, गाजर, तेल नावाला. बाबांनी एक उचलून उजेडात धरली. "नूडल्स आहेत की बुटाच्या नाड्या?" आई फिसकन हसली. आईसुद्धा!

त्या गाडीवर मी कधी उभी राहणार नाही, असं कॉलेजात असतानाच सांगून टाकलं होतं. लाल रंग, तळण, सॉसच्या धारा — शिकून तेच करायचं? आजही तेच म्हणते.

बुधवार

हातसडीच्या तांदळाचा फ्राइड राइस. आत्या आली होती. "तांदूळ धुवायचा राहिला का गं?" डोकंच फिरलं.

शुक्रवार

औषधांच्या फळीवर खोकल्याची बाटली. घरात कुणाला खोकला नाही! झाकण काढून हुंगलं — सोया सॉस!! माझी पाठ वळली की आई बाबांच्या ताटात ओतते. "अगं, दोन थेंब! दिवसभर आगीपुढे उभा राहणारा माणूस, त्याला अळणी वाढू?"

बाटली मोरीत उपडी केली. आई तेव्हापासून बोलत नाहीये. नाही तर नाही!

मंगळवार

जमलं! मशरूम, आलं, लसूण उकळून पाणी गाळलं. त्यात व्हिनेगर, मिरी. सॉस जवळपास नाहीच. बाबांनी ताट पुसून खाल्लं. "हं. आज नाड्या नाहीत."

एवढंच. मला पुष्कळ झालं.

त्यांच्या पालथ्या हातावर तपकिरी डाग आहे. भाजलंय, मलम लावा म्हटलं, तर नुसते हसले.

शनिवार

तपासणी. रक्तदाब वाढलाय! वाढलाय!! मीठ मी स्वतः मोजून घालते. रोज विचारते, "गाडीवर काही खाल्लंत का?" रोज तेच उत्तर — "कण नाही."

म्हणजे आईच. तोंडाला येईल ते बोलले तिला. ती रडली नाही, भांडली नाही. "माझ्या हातून थेंब पडलेला नाही. गाडीवर जा, स्वतः बघ."

रविवार

गाडीवर गेले मी.

प्लेट भरायच्या आधी बाबा डावाचं टोक पालथ्या हातावर टेकवतात. चाटतात. मग वाढतात. पुढची प्लेट — पुन्हा टेकव, पुन्हा चाट. संध्याकाळभर! मी घरी चिमूटभर मिठावरून जीव आटवतेय, आणि इथे हे!

गिऱ्हाइकांसमोरच ओरडले. "कण नाही म्हणालात ना!"

"खाल्लं कुठं? चाखलं."

मी का चिडलेय तेच त्यांना कळेना. "न चाखता लोकांपुढे ठेवू? आजवर ठेवलं नाही." एक गिऱ्हाईक म्हणे, "ताई, आधी आमचं येऊ द्या, मग भांडा."

बाबा खोटं बोलतच नव्हते — याचाच जास्त संताप आला. झटका येऊन पडले असते, तरी शेवटपर्यंत खरंच बोलले असते. आणि मी शहाणी! "खाल्लंत का?" एवढंच विचारत राहिले. एकदाही जाऊन बघितलं नाही. का? तर गाडीवर पाय ठेवणार नाही म्हणून!

घरी येऊन आईला म्हटलं, चुकले. "कोबी चिर," म्हणाली. बोलली तरी.

सोमवार

आज संध्याकाळी गाडीवर मी उभी होते. बाबांनी हात वळवायच्या आत माझा पालथा हात डावाखाली धरला.

"खारट आहे."

"आजवर कुणी म्हणालं नाही."

"चाखायला तुम्हीच होतात ना!"

सॉसची बाटली माझ्याकडे घेतली. पुढच्या सगळ्या प्लेटा निम्म्या सॉसवर गेल्या. एकही परत आली नाही. बाबा गाडी बंद होईपर्यंत फुगून होते. फुगू देत.

घरी आल्यावर साबणाने दोनदा हात धुतला. डाग जात नाही.

बाबांचा हात आज कोरडा होता.