तीन वेळची गोळी

भटवाडी, घाटकोपर
१६ नोव्हेंबर १९८६

ती. रुक्मिणीवन्सं यांस,

सुगंधाचा नमस्कार. तुमचं पत्र आणि खारे बांगडे पोचले. बांगडे शेजारच्या पद्मजाला देऊन टाकले, राग मानू नका. डॉक्टरांनी यांचं मीठ तोडलंय, आणि यांच्यासमोर बसून एकटीनं खायचं तर घास उतरत नाही.

तुमच्या भावाची तब्येत तशीच. उजवा हात उचलवत नाही, शब्द फुटत नाही. यांच्या भजनमंडळातले दोघं येऊन चहा पिऊन गेले. परत येतीलसं वाटत नाही. मुका बुवा आणि त्याची बडबडी बायको, किती वेळ बसणार?

डोक्यात रक्तस्राव झालाय, आता प्रेशर चढता कामा नये, एक दिवससुद्धा गोळी चुकायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. परवा त्यांनी दोन गोळ्या सांगितल्या, त्यांतली एक निवडायची. एक पूर्वीचीच, सकाळी एकदा घ्यायची. तिनं गुंगी येते, नाक चोंदतं. दुसरी दिवसातून तीनदा. तिनं माणूस जागा राहतो, पण वेळ चुकली की प्रेशर उसळतं. "जागे राहिले तर हळूहळू बोलायला शिकतील," म्हणाले. "पण घरात तुम्ही एकट्याच ना? तीनदा द्यायला जमेल का, ते ठरवून सांगा."

इथंच घोडं अडलं. हे माझ्या हातून गोळी घेत नाहीत, वन्सं. ओठ घट्ट मिटतात. पद्मजानं दिली की घेतात, पण ती आठ वाजता तिच्या शाळेत शिकवायला जाते.

तुम्ही लिहिलंत, "आमचो काशीराम ल्हानपणापासून इसराळूच." मीच तुम्हाला तसं कळवलं होतं ना, की गोळ्या घ्यायला विसरले.

ते विसरले नव्हते. मुलुंडला भजनाची डबलबारी होती, मालाडच्या बुवांशी सामना. गोळीनं नाक चोंदलेलं, आवाज लागेना. मी गोळ्या डाळीच्या डब्यात लपवल्या आणि सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, आठ दिवस बंद ठेवा." त्यांनी विश्वास ठेवला. गिरणीतलं काम सुटल्यापासून वॉचमनची नोकरी, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम. ताठ बसायचे ते फक्त पेटीपुढे. आणि काय गायले त्या दिवशी, वन्सं! मी पुढच्या रांगेत मिरवत बसले होते. तिसऱ्या दिवशी मोरीत कोसळले.

हॉस्पिटलात विचारलं, गोळ्या कशा थांबल्या? यांच्या उशाशी उभी राहून मी म्हटलं, "हे विसरतात हो." हे शुद्धीवर होते. ऐकलं त्यांनी. तेव्हापासून ओठ मिटलेत.

आता मनातलं सांगते. जुनी गोळी निवडली तर पद्मजा सकाळी देईल, हे दिवसभर झोपून राहतील, बोलायला शिकणार नाहीत आणि माझी लबाडी कुणाला कळणार नाही. दोन दिवस हेच डोक्यात घोळत होतं. माझीच मला किळस आली.

आज टॅक्सी करून यांना दवाखान्यात नेलं. यांच्यासमोरच डॉक्टरांना सांगितलं, "हे विसरले नव्हते. गोळ्या मी लपवल्या. आता तीन वेळची लिहून द्या." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. हे भिंतीकडे बघत होते.

दुपारी दोनला गोळी पुढे धरली. ओठ मिटलेलेच. मग मी ती माझ्या तळहातावर ठेवून नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळानं यांनी डावा हात पुढे केला, गोळी उचलली, उलटसुलट पाहिली आणि स्वतःच तोंडात टाकली. मी पाण्याचा पेला पुढे केला. तो घेतला नाही. गोळी कोरडीच गिळली.

आठची अजून द्यायची आहे. पेला भरून ठेवलाय.

तुम्ही या, असं म्हणायला मला तोंड नाही. पण यांना वाचा फुटेल तेव्हा ऐकायला यांचं कुणीतरी जवळ असावं. पहिली शिवी मलाच असेल, ती मी ऐकून घेईन.

हे वाचूनही आपली म्हणणार असाल तर, तुमची,
सुगंधा