शेजारची सीट

आप्पा, तुमच्या त्या लाल गाडीच्या पेट्रोलच्या टाकीनं गेले दोन महिने माझा जीव खाल्ला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडायचं म्हटलं की मला तुम्हीच आठवता. दिवाळीत आईनं एकच गोष्ट मागितली. "साडी नको, काही नको. मला एकदा त्या गाडीत बसव, गुडघे वाकतायत तोवर." गाडी जमिनीला टेकलेली, आत शिरायचं म्हणजे जवळजवळ खाली बसायचं. पुढच्या दिवाळीला तिला ते जमणार नाही, हे तिलाही कळतं आणि मलाही. इंजिन आठवड्याभरात सुरू झालं. टाकी मात्र गळत राहिली.

पुण्याच्या शोरूममधला मुलगा फोनवर फार गोड बोलला. "मॅडम, सिस्टममध्ये ही गाडीच दिसत नाही." मी म्हटलं, माझ्या दारात दिसते आहे. साताऱ्यात हायवेच्या कडेचा एक जण ऐकताक्षणी तयार झाला. "पानी भरतो, गॅसनं डाग मारतो, अर्ध्या तासात घिऊन जावा." कुठं शिकलात, असं विचारलं तर म्हणाला, "त्याला काय शाळा लागती व्हय? लय टाक्या केल्यात. अजून जित्ता हाय न्हवं?" मी तशीच परतले. मेकॅनिक शिकलेलाच हवा, हे तुम्ही घरीदारी इतकं ऐकवलं होतं, की शेवटी आयटीआयमधले तुमचे जुने विद्यार्थीच शोधत निघाले. वडूजच्यानं फोनवरच हात जोडले. कराडचा मोठ्या कौतुकानं घरी आला, गाडीला नमस्कार केला आणि टाकी गळते म्हटल्यावर दोन पावलं मागं सरला. "आवं ताई, सरांनी पयल्याच दिवशी सांगितलंवतं, पेट्रोलच्या टाकीला आग दावायची न्हाई. रिकामी असली तर अजिबात न्हाई, आत वाफ ऱ्हाती. दुसऱ्याची असती तर येक डाव इचार केला असता, पर सरांच्याच टाकीवर सरांचा नियम मोडू व्हय?" म्हणजे शिकलेले हात लावत नाहीत, आणि हात लावणाऱ्याला मी लावू देत नाही. हा सगळा घोळ तुमचा आहे, आप्पा.

शेवटी कराडच्यानंच तोड काढली. कुपवाडला त्याच्याच बॅचचा एक जण होता; जुन्या टाकीच्या मापानं कोऱ्या पत्र्याची नवी टाकी बनवून देईल, म्हणाला. कोऱ्या पत्र्याला पेट्रोल माहीतच नाही, तर डाग मारायला भीती कसली? गाडी टेम्पोत चढवली आणि मी मागं मागं कुपवाडला गेले. कुपवाडच्यानं टाकी खाली उतरवली, उलटी केली, तळावर नख फिरवलं, नाकाशी नेलं आणि हसत सुटला. हसता हसता तिथंच स्टुलावर बसला. "ताई, साबण हाय!" गळक्या जागेवर, गळती थोपवायला घासलेल्या कपड्याच्या साबणाचे थरावर थर. "ह्याच साबणापायी सरांनी मला वर्कशॉपच्या भायेर उभा केलावता. अख्ख्या वर्गादेखत म्हणले, टाकी धुतोस का दुरुस्त करतोस? आनि सोता बघा!" मला हसू येईना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात चुका काढल्यात, आणि तुमच्या गाडीखाली हे?

आईला तिथूनच फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "मोरीतल्या साबणाच्या वड्या कुठं जायच्या, ते तेव्हाच ठाऊक होतं मला. मी दोन दोन जास्तीच्या आणायची."

फोन ठेवला आणि मला आपलं अंगण दिसू लागलं. आई साडी बदलून, हातात पाकीट घेऊन पायरीवर उभी आहे. तुम्ही गाडीखालून बाहेर येता, तिच्याकडे न बघता हात पुसता आणि म्हणता, "अजून थोडं काम आहे." मग एकटेच बसता आणि निघून जाता. ती पुन्हा साडी बदलायला आत जाते. एकदा मी गुपचूप शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते, तर दंडाला धरून उतरवलंत. "पुन्हा इथं बसायचं नाही." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. गाडी आमच्यापेक्षा लाडकी, असंच मी धरून चालले, आणि आईनं कधी मला खोडून काढलं नाही. साबणाच्या भरवशावर तुम्ही एकटे कराडपर्यंत जाऊन येत होता, आणि आम्हाला फाटकापर्यंतसुद्धा नेत नव्हता. एका वाक्यात सांगता आलं नसतं का? टाकी गळते, मला भीती वाटते, एवढंच. नवी टाकी तेव्हाही करता आली असती. तुमचाच विद्यार्थी कुपवाडला बसला होता. पण त्याच्यापुढं तो साबण कसा दाखवणार!

नवी टाकी बसली. काल मी एकटीच फिरवून आणली, खाली वाकून पाहिलं, कागद अंथरून ठेवला. सकाळी कागद कोरडा. आई तयार होऊन बाहेर आली, हातात तेच जुनं पाकीट. आणि आप्पा, माझ्या तोंडून निघालं, "अजून थोडं काम आहे, आई." काहीही काम नव्हतं. मग उगाच गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर वही टेकवून तुम्हाला हे लिहीत बसले.

ती आत गेलेली नाही. साडीही बदललेली नाही. आत्ता पलीकडचं दार उघडून, गुडघ्यावर हात दाबत खाली बसते आहे. "लिहून झालं असेल तर निघ. तुझ्या बापाचं काम काही संपलं नाही, तुझं तरी संपू दे."